अण्णा आणि सुरक्षा समिती

माझ्या बायोडेटात एक ओळ आहे : 'फ्रेंच – कामापुरतं.' ती मी पुण्यात कॉलेज संपताना लिहिली, तेव्हा ती निम्मी तरी खरी होती. अकरावी-बारावीला मी फ्रेंच घेतलं होतं. फ्रान्सवर प्रेम वगैरे काही नव्हतं. मराठीत कोणी नव्वद मार्क देत नाही आणि फ्रेंचमध्ये देतात, एवढंच. पुढे वीस वर्षं ती ओळ बायोडेटात निवांत झोपून होती. टोकियोतल्या आमच्या कंपनीला फ्रान्समधल्या एका कारखान्याचं काम मिळालं आणि ती उठून बसली.

"तुम्हाला फ्रेंच येतं की!" मॅनेजर खुश होऊन म्हणाले.

मी जपानी पद्धतीने मान खाली घालून म्हणालो, "छे छे, अगदीच कच्चं आहे."

हे खरं उत्तर होतं. पण जपानमध्ये असं उत्तर ज्याला एखादी गोष्ट उत्तम येते तोच देतो. झालं, काम माझ्या गळ्यात पडलं.

काम होतं कारखान्याच्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचं. त्यांच्या कागदांत दोन शब्द सारखे येत. एक सेक्युरिते आणि दुसरा स्युर्ते. मी दोन्हीकडे बिनधास्त 'सेफ्टी' लिहून मोकळा झालो. आठ दिवसांनी फ्रान्सहून अत्यंत सभ्य भाषेत उत्तर आलं की अपघात होऊ नये म्हणून घ्यायची काळजी वेगळी, कोणी मुद्दाम घातपात करू नये म्हणून ठेवायचा पहारा वेगळा, आणि आपण आमच्या पहारेकऱ्याला हेल्मेट घालून आग विझवायला पाठवलं आहे. त्या शनिवारी मी गुपचूप फ्रेंचच्या वर्गात नाव घातलं.

टोझाई मेट्रो लाइनवर, भारतीयांची दुकानं असलेल्या निशी-कसाईच्या दोन स्टेशनं पुढे आम्ही राहतो. घरापासून दहा मिनिटांवर एक कम्युनिटी हॉल आहे, तिथे दर शनिवारी सकाळी हा वर्ग भरायचा. निवृत्तीनंतर पॅरिस बघायला निघालेली पाच जपानी मंडळी आणि मी. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, ताठ बसणाऱ्या. त्यांना सगळे सेन्सेई म्हणायचे. त्या फ्रेंच शिकवायच्या जपानीतून, आणि मी टिपणं काढायचो मराठीतून. दोन भिंती ओलांडून माझ्यापर्यंत आलेलं फ्रेंच कोणत्या अवस्थेत असेल, ते समजून घ्या.

मी सेन्सेईंना ते दोन शब्द विचारले. त्यांना इतका आनंद झाला की पुढच्या शनिवारी त्या फ्रेंच क्रांतीच्या पहिल्या वर्षातल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं एक पान घेऊन आल्या. त्यात माणसाचे जन्मजात हक्क मोजले आहेत. स्वातंत्र्य, मालमत्ता, मग स्युर्ते, आणि जुलुमाचा प्रतिकार.

"हे स्युर्ते चोरापासून नाही हं," सेन्सेई म्हणाल्या. "राजापासून."

मग त्यांनी सांगितलं ते असं. तोवर राजाच्या शिक्क्याची एक चिठ्ठी आली की माणूस तुरुंगात. का, किती दिवस, विचारायची सोय नाही. जाहीरनाम्याने त्या एका शब्दात वचन दिलं, की कायद्यात बसल्याशिवाय तुम्हाला कोणी उचलणार नाही. सेक्युरिते म्हणजे मनाचा निर्धास्तपणा, तो खोटाही असू शकतो. स्युर्ते मात्र दुसऱ्यांनी तुम्हाला दिलेला शब्द असतो, आणि तो त्यांनी पाळावा लागतो.

"आणि पाळला?" पॅरिसला निघालेल्या एका आजोबांनी विचारलं.

"चार वर्षं," सेन्सेई म्हणाल्या आणि चहा प्यायल्या.

चार वर्षांत सगळं बदललं. सीमेवर युद्ध, घरात पावाची टंचाई, प्रत्येकाला शेजाऱ्याचा संशय. वर दोन समित्या बसल्या, एक सार्वजनिक तारणाची आणि एक सर्वसाधारण सुरक्षेची. या दुसरीच्या नावात तोच शब्द होता, स्युर्ते. खाली गल्लोगल्ली बारा-बारा जणांच्या देखरेख समित्या. त्यांचं पहिलं काम काय, तर आपल्या भागातल्या परक्या लोकांची नोंद ठेवणं. पुढे संशयितांचा कायदा आला आणि त्यात गुन्हा करावाच लागेना. वागणं, बोलणं, कोणाबरोबर उठबस आहे, एवढ्यावर माणूस आत. नागरिक म्हणून बरा आहे असा दाखला ज्याला समितीने नाकारला, तोही आत. आणि या समित्यांत राक्षस नव्हते, सेन्सेई म्हणाल्या. सुतार होते, न्हावी होते, वाणी होते. आपल्या गल्लीची काळजी असलेली साधी माणसं.

मी वहीत लिहिलं, 'शब्द तोच, बाजू बदलली.' खाली दोन रेघा मारल्या. मला वाटलं होतं, हे सगळं फ्रान्सबद्दल चाललंय.

आता दुसरी कबुली. त्या सुमारास मी स्वतः एका समितीत होतो.

आमच्या वस्तीचं एक रहिवासी मंडळ आहे. दर वर्षी चिठ्ठ्या टाकून कामं वाटतात. कोणाला कचऱ्याची जागा, कोणाला उन्हाळी जत्रा. माझ्या वाट्याला आलं सुरक्षा पथक. एक शिट्टी, आणि दंडावर बांधायची हिरवी पट्टी. नऊ वर्षं या देशात मी कचरा चुकीच्या पिशवीत टाकणारा परदेशी म्हणून काढली होती. पट्टी बांधून पहिल्यांदा शाळेच्या कोपऱ्यावर उभा राहिलो तर आयांनी मला वाकून नमस्कार केला. त्या दिवशी मी पट्टी घरातही तासभर काढली नाही. बायको म्हणाली, "आता भाजी चिरायची आहे. परवानगी आहे का?"

माझं खास काम म्हणजे वॉर्डाकडून येणाऱ्या सुरक्षेच्या मेल्स इंग्रजीत करून इथल्या भारतीय कुटुंबांच्या ग्रुपवर टाकणं. या मेल्स तुम्ही वाचल्या नसतील. 'संध्याकाळी पाच वाजता एका पुरुषाने मुलीला "थंडी आहे ना" असं म्हटलं व तो स्टेशनच्या दिशेने निघून गेला.' बस, एवढंच. आमच्याकडे एवढ्यावर मेल काढायची म्हटली तर तालुक्यातले सगळे आजोबा संशयित ठरतील. सुरुवातीला मी हसायचो. पट्टी मिळाल्यावर हसू थांबलं.

डिसेंबरात अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर पहिल्यांदाच आले होते, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. ते एसटीत कंट्रोलर होते. तालुक्याच्या स्टँडवर तीस वर्षं बसून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलायची सवय लावून घेतली होती आणि निवृत्तीनंतरही ती सोडली नव्हती. जपानी येत नसल्याचा त्यांना काडीचा अडथळा झाला नाही. आठवडाभरात भाजीवाल्याला ते "काय म्हणता" करू लागले आणि तोही वाकून काहीतरी म्हणू लागला. मी त्यांना निळं जाड जॅकेट आणि लोकरी टोपी घेऊन दिली, फोनवर आमच्या त्या भारतीय ग्रुपमध्येही घातलं. म्हटलं, मराठी माणसांचं काही वाचायला मिळेल.

जानेवारीत एका दुपारी ऑफिसात मेल आली. शाळेमागच्या पार्कमध्ये साडेतीनच्या सुमारास सत्तरीच्या एका पुरुषाने मुलांना गाठलं. गडद निळं जॅकेट, लोकरी टोपी, पांढरा मास्क. काहीतरी असंबद्ध बोलत त्याने मुलांना खाण्याच्या तपकिरी गोल वस्तू दिल्या.

माझी मुलगी त्याच शाळेत आहे. मी मीटिंग सोडून कॉरिडॉरमध्ये आलो आणि उभ्या उभ्या भाषांतर केलं. नुसतं भाषांतर केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मूळ मेलमध्ये 'असंबद्ध' होतं, मी 'मानसिक तोल गेलेला' केलं. मूळ मेलमध्ये 'खाण्याच्या वस्तू' होत्या, मी 'काही मिसळलेलं असू शकतं' असं जोडलं. आणि मूळ मेलमध्ये अजिबात नसलेलं एक वाक्य शेवटी स्वतःच्या अधिकारात टाकलं, 'हा माणूस दिसताच कळवा.' खाली लिहिलं, सुरक्षा पथक.

दोन मिनिटांत अंगठे, हात जोडलेले, फुलांचे गुच्छ. एकीने लिहिलं, 'तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आम्ही निर्धास्त आहोत.' मी ते तीनदा वाचलं.

संध्याकाळी घरी पोचलो तर दारातच अण्णांनी माझ्या तळहातावर एक लाडू ठेवला.

"हे काय?"

"हे काय म्हणजे? संक्रांत आहे आज. विसरलास?"

विसरलो होतो. अण्णा एकटे निशी-कसाईला जाऊन गूळ घेऊन आले होते, तीळ इथल्याच दुकानातले. "पाक जरा पुढे गेला," ते म्हणाले. "तुझ्या आईसारखा नाही जमला. पण पोरांनी घेतले बघ! आधी लाजत होती. मी म्हटलं, घ्या रे, गोड बोला. एक पोरगं तर दोनदा आलं."

खुंटीवर निळं जॅकेट होतं. त्यावर लोकरी टोपी. मी लाडू हातात धरून तिथेच उभा राहिलो.

"अरे, नमस्कार कर की," अण्णा म्हणाले. मी वाकलो. उठायला मला जरा वेळ लागला.

बायकोने मला स्वयंपाकघरात गाठलं. "ते अण्णा आहेत हे तुला कळलंय ना?"

"कळलंय."

"मग आत्ताच्या आत्ता फोन कर मंडळात."

करणं सोपं होतं. 'माफ करा, ते माझे वडील, आमचा सण होता.' तीन वाक्यं. पण आमचा कायमच्या रहिवासाचा अर्ज तेव्हा नुकताच आत गेला होता. माझ्या डोक्यात फाइल उघडली : अर्जदार, सुरक्षा पथकाचा सभासद, त्याचे वडील संशयित. शिवाय ग्रुपवरचे ते गुच्छ. मी म्हणालो, "सोमवारी बघतो. तोवर विसरतील लोक."

आणि सकाळी अण्णांना म्हणालो, "थंडी फार पडणार आहे म्हणतात. चार दिवस बाहेर नका जाऊ."

अण्णांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. "बरं," म्हणाले.

एवढ्या सहज? आयुष्यात माझं एकही म्हणणं त्यांनी वाद घातल्याशिवाय ऐकलं नव्हतं. मला नवल वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं.

थंडी काही पडली नाही. स्वच्छ ऊन पडलं. अण्णा काचेच्या दारापाशी खुर्ची घेऊन बसायचे. सहाव्या मजल्यावरून खाली बस दिसायची, तिची वेळ ते हातातल्या घड्याळाशी ताडून बघायचे. "दोन मिनिटं लेट," कधीतरी म्हणायचे, कोणाला उद्देशून नाही. मी जाता येता त्यांना मोजे, हीटर, चहा असलं काय काय पुरवत होतो. सोमवार आला आणि गेला. पार्कच्या कोपऱ्यावर गस्त वाढली होती. त्या गस्तीत पट्टी बांधून मीही उभा होतो, आणि माझ्या घरात बसलेल्या माणसाला शोधत होतो.

त्या शनिवारसाठी सेन्सेईंनी घरचा अभ्यास दिला होता, संशय या विषयावर पाच वाक्यं. मला दुसरं काही सुचेना. मी लिहिलं : एका म्हाताऱ्याने मुलांना खाऊ दिला. लोक घाबरले. एका माणसाने सगळ्यांना सावध केलं. आता म्हातारा बाहेर येत नाही. गल्ली सुरक्षित आहे.

सेन्सेईंनी लाल शाईने तीन चुका दुरुस्त केल्या. मग पेन खाली ठेवलं.

"त्या म्हाताऱ्याला कोणी विचारलं का?"

"काय?"

"काय देत होता, का देत होता."

"नाही, सेन्सेई."

"मग शेवटचं वाक्य," त्या अगदी मऊपणे म्हणाल्या, "व्याकरणाने बरोबर आहे."

त्यानंतर दोनच दिवसांनी, आम्ही जेवायला बसलो असताना, मुलीने दप्तरातून शाळेचा कागद काढून ताटाशेजारी ठेवला. पालकांसाठी सूचना होती. वर कोणीतरी हाताने चित्र काढलं होतं : टोपीवाला, मास्कवाला म्हातारा, तळहातावर तीन गोळे. मुलगी सहसा जपानीतच बोलते. तिने चित्रावर बोट ठेवलं. "कोरे, जीजी जान!" म्हणजे, हे आपले आजोबाच की!

अण्णांनी कागद उचलला, लांब धरून बघितला. "काय लिहिलंय रे यात?"

"काही नाही," मी म्हणालो. "थंडीत मास्क वापरा म्हणून सांगितलंय. सर्दीचं."

"उसो!" मुलगी म्हणाली, आणि आजोबांना कळावं म्हणून मराठीतही म्हणाली, "बाबा खोटं बोलतो."

अण्णांनी कागदाची नीट घडी घातली.

"मी वाचलंय," ते म्हणाले. "इंग्रजीत. त्याच संध्याकाळी. त्या ग्रुपवर तूच घातलंस ना मला?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"इंग्रजी चांगलं आहे तुझं," अण्णा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. हेच जास्त लागलं. "तोल गेलेला, एवढं मात्र मला डिक्शनरीत बघावं लागलं. म्हटलं आपल्याला वाटतंय तोच अर्थ आहे का."

"अण्णा, मला माहीत नव्हतं तुम्ही आहात ते."

"लिहिताना नव्हतं. कबूल." त्यांनी भातावर वरण घेतलं, पण कालवलं नाही. "त्यानंतर दहा-बारा दिवस झाले. मी म्हटलं, सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. म्हणून बसलो गप."

म्हणजे ते थंडीला घाबरून बसले नव्हते. त्यांनी मला मुदत दिली होती.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मिठाईचा खोका घेतला, इथे माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत, आणि अण्णांना घेऊन मंडळाच्या अध्यक्षांकडे गेलो. त्यांना सगळं सांगितलं, इंग्रजीत मी काय काय घुसडलं तेही. अध्यक्ष ऐंशीचे आहेत. ते बराच वेळ "सो देसु का, सो देसु का" करत राहिले, अस्सं का, अस्सं का, मग स्वतः जोडे घालून आमच्याबरोबर कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत आले.

चौकीतला पोलीस तरुण होता. त्याने पासपोर्ट मागितला. अण्णांनी शर्टाच्या आतल्या खिशातून काढून दिला. तो ते झोपतानाही जवळ ठेवत, हे मला तेव्हा कळलं. मग पोलिसाने विचारलं, काय दिलं, का दिलं, काय म्हणालात. मी मराठीत केलं. अण्णा म्हणाले, "तीळ आणि गूळ. आमच्याकडे या दिवशी ओळखी-अनोळखी सगळ्यांना देतात. वर्षभर चांगलं बोलू या, एवढंच म्हटलं." मी जपानीत केलं, जसंच्या तसं. एक शब्द वर नाही, एक शब्द खाली नाही. भाषांतर असंच करायचं असतं हे मला बेचाळिसाव्या वर्षी समजलं.

पोलिसाने सगळं लिहून घेतलं. उठून अण्णांना वाकून म्हणाला की त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी, पण पुढच्या वेळी आधी मुलांच्या पालकांना विचारावं. अण्णांनी खिशातून डबी काढली. पोलीस घाबरून दोन्ही हात हलवायला लागला, ड्यूटीवर घेता येत नाही. अध्यक्षांनी मात्र एक घेतला. त्यांचे दात खोटे होते आणि पाक पुढे गेलेला होता. पण त्यांनी तो आमच्यासमोर संपवला.

संध्याकाळी वॉर्डाची एका ओळीची मेल आली : सदर प्रकार गैरसमजातून घडल्याचे स्पष्ट झाले आहे. मी ग्रुपवर लांब खुलासा लिहिला. तो म्हातारा माझे वडील. तोल गेलेला वगैरे सगळं मी जोडलेलं. माफ करा. त्याला चार अंगठे आले. त्यातला एक बायकोचा होता, एक अण्णांचा. पट्टी मी अध्यक्षांकडे परत करायला गेलो तर ते म्हणाले, "मार्चपर्यंत तुमचीच पाळी आहे." तेव्हा ती मार्चपर्यंत बांधली.

मला वाटलं, झालं, सुटलो. अण्णा पुन्हा फिरायला जाऊ लागले. भाजीवाल्याशी बोलू लागले. जायच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी मी शाळेच्या कोपऱ्यावर उभा असताना ते पार्काकडून आले. हात जॅकेटच्या खिशात. टोपी मात्र घातली नव्हती. सर्दी झाली होती, तरीही नाही. माझ्याशेजारी येऊन थांबले. शाळा सुटली होती. पिवळ्या टोप्यांची पोरं रस्ता ओलांडत होती, त्यातला एक आमच्यासमोर थांबला. त्याने अण्णांना ओळखलं असावं, कारण तोंडभर हसला.

"कोन्निचिवा!" तो म्हणाला.

अण्णांचं तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या दंडावरच्या पट्टीकडे.

मी मान हलवली. बोला म्हणून.

मग ते बोलले.